सोमवार ते शुक्रवार बेघरांसोबत काम, शनिवार-रविवार लंडन: जाऊ का नको?

पत्र: "ताई, मी २५ वर्षांची, ऐरोलीत राहते आणि तिथेच एका आयटी कंपनीत आहे. सलग एक महिना सुट्टी मिळतेय, जी परत कधी मिळेल माहीत नाही. एका एजन्सीचं पॅकेज बघितलंय, लंडनमध्ये तीन आठवडे बेघर लोकांसाठी व्हॉलंटिअरिंग, सोमवार ते शुक्रवार काम आणि वीकेंडला साइटसीइंग, २ लाख ६० हजार, तिकीट वेगळं. टुरिस्ट व्हिसावर सगळं होतं म्हणाले. मामेभाऊ लंडनमध्येच हॅरोला राहतो, तो म्हणतो ये. पण पप्पा म्हणतात ठाणे स्टेशनला बघ किती जण झोपलेले असतात, त्यासाठी लंडनला कशाला. आणि मैत्रीण म्हणाली, पाच दिवस सेवा आणि दोन दिवस लंडन आयवर सेल्फी, कसं दिसतं बघ. तेव्हापासून गिल्टी वाटतंय. जाऊ का?" (ऐरोलीची वाचक)

अगं जा. नक्की जा. फक्त ते पॅकेज घेऊन जाऊ नकोस.

आधी व्हिसाचं बोलते, कारण बाकी सगळं त्यानंतर आहे आणि एजन्सीने तुला अर्धंच सांगितलंय. यूकेच्या व्हिजिटर व्हिसावर व्हॉलंटिअरिंग करता येतं हे खरं, पण एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त नाही, रजिस्टर्ड चॅरिटीसाठीच, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो तुझ्या जाण्याचा मुख्य उद्देश असता कामा नये. म्हणजे तू भावाला भेटायला आणि फिरायला गेलीस आणि त्यातले काही दिवस एखाद्या चॅरिटीत हातभार लावलास तर ठीक, पण तीन आठवड्यांचा व्हॉलंटिअरिंग प्रोग्रॅम बुक करून टुरिस्ट म्हणून गेलीस तर ते नियमात बसत नाही. मुख्य काम म्हणूनच करायचं असेल तर त्याला चॅरिटी वर्कर व्हिसा वेगळा आहे, त्याला तिथली लायसन्स असलेली चॅरिटी स्पॉन्सर लागते, तो १२ महिन्यांपर्यंत मिळतो, तुझ्या एका महिन्यासाठी त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आणि कोणी म्हणालं की फॉर्ममध्ये हे लिहूच नको, कोण बघतंय, तर अजिबात ऐकू नकोस. अर्जात लपवाछपवी केल्याचं ठरलं तर १० वर्षं बंदी येऊ शकते, एजन्सीचं काही जात नाही त्यात, पासपोर्ट तुझा आहे. सरळ लिही की भावाकडे राहणार, लंडन बघणार, आणि मधले काही दिवस अमुक चॅरिटीत मदत करणार.

आता बघ, म्हणजे ज्या फिरण्याबद्दल तुला एवढं गिल्टी वाटतंय तोच नियमाप्रमाणे तुझ्या ट्रिपचा मुख्य भाग आहे. आणि मला वाटतं तुझ्या मनातही तेच ठेव, फिरायला चाललेय आणि जाता जाता थोडं काम करणार आहे. हे खरं आहे, आणि खरं असलं की पप्पांनाही सांगता येतं आणि मैत्रिणीलाही.

पैशांचं. तिथल्या चॅरिटी व्हॉलंटिअरकडून पैसे घेत नाहीत गं, उलट कित्येक ठिकाणी बसचं, ट्यूबचं (तिथल्या मेट्रोचं) भाडं आणि जेवण देतात. मग २ लाख ६० हजार कशाचे, तर राहण्याचे, वीकेंड टूरचे आणि एजन्सीचे. राहायला भाऊ आहे, फिरायला ट्यूब आहे. तरी एजन्सीला एक मेल टाक, कोणती चॅरिटी, तिचा रजिस्ट्रेशन नंबर काय, आणि मी येणार हे त्या चॅरिटीला माहीत आहे का. इंग्लंडमध्ये चॅरिटी कमिशनच्या साइटवर कोणतीही रजिस्टर्ड चॅरिटी शोधता येते, तिचा वर्षाचा जमाखर्च दिसतो, दहा मिनिटांचं काम आहे. उत्तर गोलगोल आलं तर तू काय ते समजशील.

आता कामाबद्दल, कारण मला वाटतं तुझ्या डोक्यात जे चित्र आहे ते थोडं वेगळं आहे. लंडनमध्ये २०२४-२५ या वर्षात १३,२३१ माणसं रस्त्यावर झोपलेली आढळली, म्हणजे वर्षभरात कधी ना कधी मदत टीमला दिसली, कोणी एकच रात्र तर कोणी कित्येक महिने. ही दिसणारी. न दिसणारी कितीतरी जास्त, कोणी मित्राच्या सोफ्यावर, कोणी कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, दिलेल्या तात्पुरत्या खोलीत, आणि अशा तात्पुरत्या जागांमध्ये इंग्लंडभर सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं राहतायत, बरीचशी मुलाबाळांसकट. घरमालकाने बाहेर काढलं, नवऱ्याच्या मारहाणीतून पळून आली, जेलमधून किंवा हॉस्पिटलमधून सुटला आणि जायला जागा नाही, अशी कारणं. काहींना दारू-ड्रग्जची सवय असते, काहींना ती रस्त्यावर आल्यावर लागते. तिथे कायद्याने कौन्सिलवर जबाबदारी आहे, १९७७ पासून, पण "तुम्ही आमच्याच एरियाचे कशावरून", "तुमची केस प्रायॉरिटीत बसते का" यात माणसं अडकून राहतात, आणि मग त्यांच्यासोबत बसून फॉर्म भरणारा, कौन्सिलला फोन करणारा, चार वेळा अपॉइंटमेंट चुकली तरी पाचव्यांदा न्यायला येणारा की-वर्कर लागतो. हे काम पगारी ट्रेन्ड माणसांचं आहे आणि ते महिनोनमहिने चालतं.

म्हणून मी म्हणते तीन आठवड्यांच्या पाहुणीने कोणाच्या आयुष्यात शिरायला बघू नये. विश्वास बसायला खूप वेळ लागतो त्या लोकांचा, आणि त्यांच्या वाट्याला सोडून जाणारी माणसं आधीच भरपूर आलेली असतात. तू रोज जाऊन कोणाची तरी लाडकी झालीस, त्याने तुला सगळं सांगितलं, आणि विसाव्या दिवशी तू विमानात बसलीस, तर त्याला काय मिळालं? पण कांदा चिरणं, भांडी घासणं, आलेले कपडे साइजप्रमाणे लावणं, लाँड्री, चहा-कॉफीचं टेबल, दारात नाव लिहून घेणं, या कामाला कोणाशी नातं जोडावं लागत नाही आणि ते कोणीतरी केल्याशिवाय सेंटर उघडत नाही. तू ते केलंस की तेवढा वेळ की-वर्कर माणसासमोर बसू शकतो. लग्नघरात जशी मागच्या अंगणात पानं पुसणारी चुलत बहीण असते ना, फोटोत कुठेच नसते पण पंगत तिच्यामुळे वेळेवर बसते, ते काम माग. आणि मागताना मेलमध्ये लिहीच, की मी इतकेच दिवस आहे, माणसांशी थेट संबंध नसलेलं काम चालेल. असं लिहिणाऱ्यांना उत्तर यायची शक्यता जास्त असते, कारण बऱ्याच संस्था नेहमीच्या कामासाठी निदान काही महिने येणारा माणूस मागतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

थोड्या दिवसांसाठी कुठे विचारायचं ते सांगते. सुट्टी डिसेंबरात घेता येत असेल तर क्रायसिस नावाची संस्था आहे, १९६७ पासूनची, ती दरवर्षी ख्रिसमसच्या आठवड्यात बेघरांसाठी सेंटर चालवते आणि त्यासाठी हजारो व्हॉलंटिअर घेते, तेही शिफ्टप्रमाणे, म्हणजे तुझ्यासारखीला बसण्यासारखं. नोंदणी बरीच आधी उघडते आणि लंडनच्या शिफ्ट पटापट भरतात, त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटापासून लक्ष ठेव. एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांच्या ध्यानात येत नाही, २५ डिसेंबरला लंडनमध्ये ना ट्यूब असते ना बस, काहीच नाही, आपल्याला दिवाळीतही लोकलची सवय, तिथे खरंच बंद. त्या दिवशीची शिफ्ट घेतलीस तर भाऊ गाडीने सोडेल का ते आधी विचार. आणि चारच्या आत अंधार होतो, थंडी सोस.

मे-जूनमध्ये गेलीस तर उजेड रात्री नऊपर्यंत, फिरायला तेच चांगलं. तेव्हा एमाउसला विचारून बघ, ही मूळची फ्रान्समधली, १९४९ मध्ये आबे पिएर नावाच्या पाद्र्यांनी सुरू केलेली चळवळ, यूकेत पहिली वस्ती १९९१ मध्ये केंब्रिजजवळ झाली. तिथे आधी बेघर असलेली माणसं एकत्र राहतात आणि जुनं फर्निचर, कपडे, भांडी दुरुस्त करून दुकानात विकतात, आणि दुकानात हात लागतातच. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण तिथे तू देणारी आणि ते घेणारे असं राहत नाही, ते रोजचे कामगार आणि तू नवशिकी, तेच तुला शिकवणार की टेबल कसं घासायचं. शिवाय निष्काम स्वॅट म्हणून शीख मंडळींची संस्था आहे, स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर गरम शाकाहारी जेवण वाटतात, घरच्यांना ती जास्त ओळखीची वाटेल. प्रत्येक ठिकाणी पहिल्याच मेलमध्ये सांग की मी भारतातून व्हिजिटर व्हिसावर येतेय, चालेल का. नाही म्हणाले तर नाही.

आणि पीसीसी काढून ठेव, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. तिकडे असुरक्षित लोकांबरोबर काम असेल तर डीबीएस म्हणून तपासणी करतात, पण त्यात बाहेरच्या देशातलं रेकॉर्ड कळत नाही म्हणून आपल्याकडचं मागू शकतात. पासपोर्ट सेवाच्या साइटवर अर्ज, ५०० रुपये फी. आधारवर जुना पत्ता असेल तर आत्ताच बदल, पोलीस व्हेरिफिकेशन तिथेच अडकतं. ट्रॅव्हल इन्शुरन्सही काढच.

तिथे गेल्यावर कसं वागायचं ते ट्रेनिंगमध्ये सांगतीलच, तरी माझ्याकडून दोन-चार गोष्टी. फोटो नाही. सेंटरमध्ये नाही, रस्त्यावर नाही, पाठमोरा नाही, "चेहरा ब्लर केलाय" असा पण नाही. ती बाई नवऱ्यापासून लपून राहत असेल आणि तुझ्या स्टोरीतल्या भिंतीवरून त्याला पत्ता लागेल, इतकं सरळ आहे ते. "तुम्ही इथे कसे आलात" हे विचारायचं नाही, ती गोष्ट त्यांनी सरकारी टेबलावर पन्नास वेळा सांगितलेली असते, त्यापेक्षा फुटबॉल, पाऊस, चहात साखर किती हे विचार. नंबर द्यायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, एकटीने कोणासोबत बाहेर जायचं नाही, कोणी काही घाबरवणारं सांगितलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन न देता लगेच स्टाफला सांगायचं. रस्त्यावर कोणी झोपलेलं दिसलं आणि काळजी वाटली तर स्ट्रीटलिंक या वेबसाइटवर जागा कळवायची, मग मदत टीम जाऊन बघते. कोणी शुद्धीवर नसेल, श्वास नीट दिसत नसेल तर मात्र थेट ९९९.

आता वीकेंड. तुझ्या मैत्रिणीचं मला पटत नाही, स्पष्टच सांगते. जे वर्षानुवर्षं हे काम करतात ते सुट्टी घेतातच, सिनेमाला जातात, समुद्रावर जातात, नाही गेले तर वर्षभरात काम सोडतात. पाच दिवस दुसऱ्याचं दुःख बघितल्यावर दोन दिवस थेम्सच्या काठाने चाललीस तर त्यात कोणाचं काही हिरावलं जात नाही. फक्त दोन गोष्टी एका पोस्टमध्ये शेजारी शेजारी टाकू नकोस. लंडन आयचा सेल्फी टाक की बिनधास्त, तो तुझा आहे. डे-सेंटरमधला माणूस तुझा नाही.

आणि खरं सांगू का, लंडनमध्ये तू नुसती फिरलीस तरी हा विषय पायाखाली येतो. लंडन आयला जायला वॉटर्लूला उतरशील, तिथे चौकाच्या मधोमध गोल काचेची आयमॅक्सची बिल्डिंग आहे, त्या जागी १९८३ पासून १९९८ पर्यंत खालच्या बोगद्यांमध्ये पुठ्ठ्यांची वस्ती होती, कार्डबोर्ड सिटीच म्हणायचे, दोनशेपर्यंत माणसं झोपायची तिथे. त्यांना हलवलं आणि १९९९ मध्ये थिएटर उघडलं. ट्रफाल्गर स्क्वेअरला गेलीस की कोपऱ्यात सेंट मार्टिनचं चर्च दिसेल, पहिल्या महायुद्धात तिथल्या पाद्र्यांनी फ्रंटवर जाणाऱ्या-येणाऱ्या सैनिकांसाठी दारं उघडी ठेवली आणि तेव्हापासून बेघरांना तिथे आसरा आहे. नॅशनल गॅलरी समोरच, फुकट, ब्रिटिश म्युझियमही फुकट, त्यामुळे वीकेंड टूरचे पैसे तर सोडूनच दे. एक शनिवार अनसीन टूर्ससाठी ठेव. हे २०१० पासून चालतंय, जे स्वतः बेघर होते ते आपला भाग चालत फिरवून दाखवतात, लंडन ब्रिज, ब्रिक लेन वगैरे, आणि तिकिटातला मोठा वाटा गाइडला मिळतो. गाइड तो, शहर त्याचं, काय सांगायचं आणि काय नाही हेही तोच ठरवतो. बस भरून गरिबी बघायला नेणाऱ्या टूर मला सहन होत नाहीत, पण इथे पैसे आणि शब्द दोन्ही त्याच्याच हातात आहेत. स्टेशनबाहेर लाल जॅकेटवाला बिग इश्यू, म्हणजे बेघर आणि अडचणीतली माणसं विकतात ते मॅगझिन, विकताना दिसला तर अंक घे, अर्ध्या किमतीत विकत आणून विकतो तो, धंदा आहे त्याचा, त्यामुळे पैसे देऊन "अंक राहू दे" म्हणू नकोस, अंक घे आणि वाच.

चॉक फार्मजवळ हेन्री रोडवरच्या १० नंबरच्या घरी पण जाऊन ये. नाव पूर्ण सांगायचं तर १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला शिकताना तिथे राहिले होते, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर घेतलं, आता स्मारक आहे. लंडनला जाऊन मराठी माणसाने ते बघितलं नाही तर मला वाईट वाटेल.

राहिले पप्पा. त्यांचं बोलणं टाळू नकोस, त्यात काळजी आहे आणि मुद्दाही आहे. ट्रान्सहार्बरने ठाण्याला उतरलीस की पुलावरून जाताना पायऱ्यांच्या वळणावर, सॅटिसखाली (स्टेशनबाहेरच्या बसच्या उंच पुलाखाली) कोण कोण असतं हे तुलाही माहीत आहे. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत १७.७ लाख लोक बेघर मोजले होते देशभरात, आणि सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की शहरात दर एक लाख वस्तीमागे एक निवारा हवा, वर्षभर आणि चोवीस तास उघडा. ठाणे काय आणि नवी मुंबई काय, तो हिशोब आपल्या पालिकेला विचारणारे लोक हवेतच की. वर भीक मागणं आपल्याकडे १९५९ च्या कायद्याने अजून गुन्हा आहे, हा कायदा तरी कुठून आला असं वाटतं, तर इंग्लंडमध्ये १८२४ चा व्हॅग्रन्सी ॲक्ट होता, रस्त्यावर झोपणं आणि भीक मागणं गुन्हा ठरवणारा, त्याच विचारातून. तो रद्द करायचं त्यांच्या संसदेने २०२२ मध्ये ठरवलं. हे सगळं तिथे जाऊन बघशील तेव्हा पप्पांशी बोलायला खूप काही असेल.

पण मी पप्पांसारखं "आधी इथे कर, मग तिथे जा" असं परीक्षा घेतल्यासारखं म्हणणार नाही. मी वेगळ्या कारणासाठी म्हणते, की जायच्या आधी काही रविवार इथे देऊन बघ म्हणजे तुला कळेल की तुला हे झेपतं का. घाण वास, शिव्या, कोणी अंगावर ओरडलं, कोणी तुझ्याकडे बघितलंच नाही, याची पहिली वेळ परदेशात एकटी असताना नको. ठाण्याहून कर्जत लोकलने गेलीस की श्रद्धा फाउंडेशनचं केंद्र आहे, डॉ. भरत वाटवानी यांचं, त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं. रस्त्यावर भटकणारे मनोरुग्ण आणून उपचार करतात आणि मग त्यांचं गाव शोधून घरी पोचवतात, कुठे बंगाल, कुठे तमिळनाडू, कुठे यूपी. पनवेलच्या बाजूला सील आश्रम आहे, रस्त्यावरून उचलून आणलेल्या निराधारांसाठी. दोन्हीकडे आधी फोन करून विचार, तिथेही तेच सांग, मागचं काम द्या.

आणि पुलावरून जाताना लक्षात असू दे, एकटं भटकणारं मूल दिसलं तर १०९८, म्हातारं माणूस असेल तर १४५६७. मनोरुग्ण वाटणारं कोणी निराधार फिरत असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे पोलिसांना त्या व्यक्तीला संरक्षणात घ्यावंच लागतं, "आमचं काम नाही" म्हणाले तर कलमाचा नंबर सांगायचा, शांतपणे. मी ठाण्यात हे एका आजींसाठी करून बघितलंय, वेळ लागतो, दोनदा-तीनदा सांगावं लागतं, पण गाडी येते.

पप्पांनाही एखाद्या रविवारी कर्जतला घेऊन जा ना. ज्या माणसाच्या डोळ्यांना स्टेशनवर झोपलेले दिसतात आणि खुपतात, त्यांना ते केंद्र बघायला आवडेल असं मला वाटतं.

आता भावाला फोन कर आणि डिसेंबर की मे ते ठरव, कारण सुट्टीचा अर्ज, चॅरिटींना मेल आणि पीसीसी हे सगळं त्या तारखेवर अवलंबून आहे. व्हिसाला साधारण तीन आठवडे धर, गर्दीत जास्त. एजन्सीला टोकन दिलं असशील तर आजच लिहून परत माग, फोनवर नको, मेलवर.